बाळ पाहिलंत, आता बाळंतिणीकडे पाहा

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



प्रसूतिगृहाबाहेरचा व्हरांडा तुम्ही सगळ्यांनीच पाहिला असेल. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज येतो आणि बाहेर ताटकळलेली मंडळी एकदम उठून उभी राहतात. मुलगा की मुलगी, वजन किती, नाक कुणाचं, रंग कुणाचा. कुणी पेढे आणायला धावतं, कुणी गावाकडे फोन लावतं. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ या हातातून त्या हातात जातं. आणि त्याच वेळी, एका पडद्यापलीकडे, जिनं हे सगळं घडवलं ती बाई बऱ्याचदा एकटी पडलेली असते. "आता निवांत झोप हं," असं सांगून सगळे बाळाकडे वळलेले असतात.

मी भूलतज्ज्ञ आहे आणि गेली बरीच वर्षं अतिदक्षता विभागात काम करते आहे. बहुतेक बाळंतपणं सुखरूप होतात आणि त्या बायकांशी माझी गाठही पडत नाही. माझ्याकडे येतात त्या उरलेल्या थोड्या. कुणी रक्तस्रावानं पांढरीफटक पडलेली, कुणी झटके येऊन बेशुद्ध झालेली, कुणी तापानं फणफणलेली, कुणाच्या फुप्फुसात पाणी भरलेलं. आज मी त्यांच्याविषयी बोलणार आहे.

आपल्याकडे जुन्या बायका म्हणायच्या, बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म. हे काही नुसतं बोलायचं म्हणून नव्हतं. त्यांनी घराघरांत मरण पाहिलं होतं. आज परिस्थिती पुष्कळच सुधारली आहे. २००४ ते २००६ या काळात आपल्या देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता दगावत होत्या. २०१८ ते २०२० या काळात हा आकडा ९७ वर आला. महाराष्ट्रात तो याच काळात १३० वरून ३३ वर उतरला. रुग्णालयात बाळंतपणं होऊ लागली, रक्तपेढ्या वाढल्या, रुग्णवाहिका आल्या, आशाताई दारोदारी जाऊ लागल्या, त्याचं हे फळ आहे. पण आकडा ३३ असो की ९७, ज्या घरातून ती गेली त्या घराचा हिशेब शंभर टक्क्यांचाच असतो. शिवाय मरता मरता वाचलेल्या बायका या आकड्यात मोजल्याच जात नाहीत.

अशाच एकीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये एवढा बदल तिच्यात केला आहे.

२०१३ चा पावसाळा. रात्री पावणेबाराच्या सुमारास रुग्णालयातून सिस्टरांचा फोन आला. सव्वीस वर्षांची बाई, दुसरं बाळंतपण, तासाभरापूर्वी सुखरूप झालेलं. मुलगी, वजन तीन किलो. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, बाई घाबरल्यासारखं होतंय म्हणते. सारखं पाणी मागते. नाडी १२४ आहे."

मी विचारलं, "प्रेशर किती?"

"११०-७०."

"मग चांगलं आहे की. दमली असेल. अर्ध्या तासानं परत बघा आणि मला कळवा."

सिस्टर क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "प्रेशर ठीक आहे मॅडम, पण बाई ठीक नाही."

तरीही मी अर्धा तास थांबायला सांगितलं. ती चूक माझी होती आणि ती मी आजही माझ्या विद्यार्थ्यांना सांगते. सिस्टर मात्र अर्धा तास थांबल्या नाहीत. दहा मिनिटांनी त्यांनी पोटावर हात ठेवून पाहिला. बाळंतपणानंतर गर्भाशय आकसून नारळासारखं घट्ट लागायला हवं, ते भिजवलेल्या कणकेसारखं मऊ लागत होतं. अंगाखालचं कापड बाजूला केलं तर गादीपर्यंत रक्त झिरपलेलं. त्यांनी पुन्हा फोन केला, प्रसूतितज्ज्ञांना परस्पर बोलावलं आणि रक्तपेढीलाही कळवलं. मी पोहोचले तेव्हा वरचं प्रेशर सत्तरवर आलं होतं.

त्या रात्री जे करता येणं शक्य होतं ते सगळं केलं. औषधं दिली, गर्भाशय चोळलं, रक्त चढवलं. शेवटी जीव वाचवायला गर्भाशय काढावं लागलं. दोन दिवस ती कृत्रिम श्वासावर होती. तिसऱ्या दिवशी घशातली नळी काढली, तेव्हा पहिला प्रश्न तिनं विचारला तो मुलीच्या दुधाचा.

ती वाचली. पण मी पहिल्याच फोनला निघाले असते तर कदाचित गर्भाशयही वाचलं असतं. नक्की सांगता येत नाही, म्हणूनच ते मनातून जात नाही.

आता तुम्ही विचाराल, प्रेशर चांगलं असताना हे झालं कसं? ते समजून घेण्यासारखं आहे.

गरोदरपणात बाईच्या अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. नऊ महिने भरत आले की गर्भाशयातून दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहत असतं. बाळ बाहेर आलं, वार सुटली, की तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. ती बंद करण्याची निसर्गाची युक्ती मोठी नामी आहे. गर्भाशयाचे स्नायू एकमेकांत विणल्यासारखे असतात. ते आकसले की मधल्या रक्तवाहिन्या आपोआप आवळल्या जातात. पण स्नायू थकून सैल पडले तर नळ उघडाच राहतो. मग पाच-दहा मिनिटांतही होत्याचं नव्हतं होऊ शकतं.

आणि तरुण शरीर हार मानत नाही. रक्त कमी पडू लागलं की हृदय जोरानं पळू लागतं, हातापायांच्या रक्तवाहिन्या आखडतात, आहे ते रक्त मेंदूकडे आणि हृदयाकडे वळवलं जातं. त्यामुळे लिटर-दीड लिटर रक्त गेलं तरी प्रेशरचा आकडा बराच वेळ टिकून राहतो. घरातल्या कर्त्या माणसानं दिवाळखोरी लपवून वरवर सगळं छान दाखवावं, तसं. आणि मग तो डोलारा एकदम कोसळतो. आपल्याला वाटतं बाई अचानक गेली. ती अचानक गेलेली नसते. तिची नाडी तासभर ओरडून सांगत असते, आपण प्रेशरकडे बघत बसलेलो असतो.

म्हणून आता आम्ही नाडी आणि प्रेशर हे दोन आकडे शेजारी ठेवून बघतो. एरवी नाडीचा आकडा वरच्या प्रेशरपेक्षा बराच कमी असतो, समजा नाडी ८० आणि प्रेशर १२०. नाडीनं प्रेशरला गाठलं किंवा मागे टाकलं, की तो धोक्याचा कंदील. त्या रात्री १२४ आणि ११० हे दोन्ही आकडे मला फोनवरच मिळाले होते. मी फक्त ते शेजारी ठेवले नाहीत.

दुसरी फसवणूक डोळ्यांची. किती रक्त गेलं याचा नजरेनं केलेला अंदाज जवळपास नेहमी कमी भरतो. या प्रश्नावर एक साधा उपाय आपल्या शेजारीच, बेळगावात तयार झाला. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांच्या सहभागानं बाळंतिणीच्या खाली अंथरायची एक प्लास्टिकची चादर बनवली गेली. तिला खाली नरसाळ्यासारखी पिशवी आणि पिशवीवर मापाच्या खुणा. बेळगाव भागातल्या खेड्यांत १,६२० बायकांवर झालेल्या एका औषधाच्या अभ्यासात ती वापरली गेली आणि २००६ मध्ये तो अभ्यास जगापुढे आला. पुढे आफ्रिकेतल्या चार देशांत, सुमारे ८० रुग्णालयांत आणि दोन लाखांहून अधिक बायकांच्या बाबतीत एक मोठा प्रयोग झाला. अशी मापाची चादर घालायची, आणि रक्तस्राव जास्त दिसला की एकेक औषध देऊन वाट बघत न बसता सगळे उपाय एकदमच सुरू करायचे. गर्भाशय चोळणं, ते आकसण्याचं औषध, रक्त थांबवणारं ट्रानेक्झामिक ॲसिड, सलाईन, तपासणी. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. गंभीर रक्तस्राव आणि त्याचे परिणाम साठ टक्क्यांनी कमी झाले. यात महागडं यंत्र एकही नाही. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही सांगितलं, की ५०० मिलिलिटरची वाट बघू नका. ३०० मिलिलिटर रक्त गेलं आणि सोबत नाडी किंवा प्रेशर बिघडलेलं दिसलं, तरी उपचार सुरू करा.

श्रोतेहो, इंग्रजीत ज्याला आयसीयू म्हणतात त्याला आपण मराठीत अतिदक्षता विभाग म्हणतो. मला हा शब्द आवडतो. त्यात यंत्राचा उल्लेख नाही, दक्षतेचा आहे. आणि दक्षता काही त्या विभागाच्या काचेच्या दारापाशी सुरू होत नाही. ती साध्या वॉर्डात सुरू व्हावी लागते.

दुसरं उदाहरण प्रेशर वाढण्याचं. गरोदरपणात प्रेशर फार वाढलं की बाईला झटके येतात. त्यावर मॅग्नेशियम सल्फेट हे जुनं, स्वस्त औषध आहे. ३३ देशांत दहा हजारांवर बायकांवर अभ्यास झाला आणि २००२ मध्ये सिद्ध झालं, की या औषधानं झटक्यांचा धोका निम्म्याहून जास्त कमी होतो. पण ते जास्त झालं तर श्वास मंदावतो. मग लक्ष कसं ठेवायचं? गुडघ्यावर रबरी हातोडी मारून पाय उडतो का बघायचं, श्वास मोजायचे, लघवी किती होते ते मोजायचं. एक हातोडी, एक घड्याळ, एक मोजपात्र आणि दर तासाला न चुकता उठणारी एक सिस्टर. झटके येणाऱ्या बाईची अतिदक्षता म्हणजे मुख्यतः एवढीच असते. आणि हे झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात, कधी घरी गेल्यावर सुद्धा. "बाळ झालं, आता प्रेशरची काळजी नको," हा समज चुकीचा आहे.

हृदयाच्या झडपा लहानपणीच्या संधिवाताच्या तापानं खराब झालेल्या बायका आपल्याकडे अजूनही दिसतात. त्यांच्या बाबतीत तर बाळंतपणानंतरचे पहिले काही तास सर्वांत नाजूक. कारण इतके महिने गर्भाशयात फिरणारं रक्त एकदम हृदयाकडे परततं आणि अरुंद झडपेपाशी तुंबतं. तिला धाप लागते, आडवं झोपवत नाही. घरच्यांना वाटतं दमली आहे.

गरोदर बाईची अतिदक्षता इतरांपेक्षा वेगळी कशी, असं मला पुष्कळ जण विचारतात. पहिली गोष्ट म्हणजे एका खाटेवर दोन जीव असतात. तिला उताणं झोपवलं तर जड गर्भाशयानं मागची मोठी शीर दबते आणि प्रेशर पडतं, म्हणून तिला डाव्या कुशीवर कलतं ठेवायचं. तिच्या तपासण्यांचे आकडेही निराळे वाचायचे. तुमच्या-माझ्या रिपोर्टात चालून जाणारा मूत्रपिंडाचा आकडा तिच्या बाबतीत धोक्याचा असू शकतो. आणि एक गोष्ट यंत्रावर कुठेच दिसत नाही. बाळंतीण बेशुद्ध असली तरी तिला दूध येतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी होते, गाऊन भिजतो. कृत्रिम श्वासाच्या नळीतून तिला बोलता येत नाही. सर्वसाधारण अतिदक्षता विभागात हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. ज्या सिस्टरनं प्रसूती विभागात काम केलं आहे तिच्या ते बरोबर लक्षात येतं. ती हलक्या हातानं दूध काढते आणि तिच्या औषधांचा विचार करून चालण्यासारखं असेल तर बाळाकडे पाठवते.

अडचण अशी की आपल्याकडे ज्ञान एका इमारतीत आणि यंत्र दुसऱ्या इमारतीत असतं. प्रसूतिगृहात बाळंतपणाची जाण आहे पण कृत्रिम श्वासाचं यंत्र नाही. मोठ्या अतिदक्षता विभागात यंत्र आहे पण प्रसूतितज्ज्ञ हाकेच्या अंतरावर नाही. आणि दोहोंच्या मधल्या रस्त्यावर रुग्णवाहिकेत ती बाई. यावर तोडगा म्हणून २०१६ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं मोठ्या रुग्णालयांत प्रसूती विभागाला लागूनच अशा बायकांसाठी वेगळा कक्ष कसा उभारावा याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात दोन पायऱ्या आहेत. एक पूर्ण अतिदक्षता विभाग आणि दुसरा त्याच्या अलीकडचा, विशेष देखरेखीचा कक्ष. या अलीकडच्या कक्षाचं महत्त्व मला जास्त वाटतं. साधा वॉर्ड म्हणजे चाळीस बायकांमागे दोन सिस्टर, आणि आयसीयू म्हणजे जीव जायची वेळ. या दोहोंच्या मध्ये थांबायला जागा असली तर कित्येक जणी आयसीयूपर्यंत पोहोचतच नाहीत.

पण जागा बांधली म्हणजे काम झालं असं नाही. १९९४ मध्ये थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासक बाईंनी मातामृत्यूमागचे तीन उशीर सांगितले, ते आजही जसेच्या तसे लागू आहेत. पहिला उशीर घरात, निर्णय घ्यायला. दुसरा रस्त्यात, पोहोचायला. तिसरा रुग्णालयात, उपचार सुरू व्हायला. माझा तो अर्ध्या तासाचा उशीर तिसऱ्यातला. पण पहिला उशीर तुमच्या हातात आहे, म्हणून शेवटची पाच मिनिटं तुमच्याशी.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. रीत चांगली, पण बाई आठव्या महिन्यात माहेरी जाते आणि तिचे कागद सासरच्या कपाटात राहतात. नवा डॉक्टर कोऱ्या पाटीवर सुरुवात करतो. कागद तिच्या पिशवीत असू द्या. रक्तगट, हिमोग्लोबिन आणि आधीच्या बाळंतपणात काही त्रास झाला होता का, या तीन गोष्टी घरातल्या दोघा-तिघांना तोंडपाठ असू द्या. हिमोग्लोबिन सातव्या महिन्यात वाढवता येतं, ऐनवेळी नाही. ज्या बाईचं रक्त मुळातच कमी, तिला थोडा रक्तस्रावही झेपत नाही.

बाळंतिणीची खोली अंधारी आणि कोंदट ठेवायची, आत शेगडी पेटवायची, तिला पाणी मोजून द्यायचं, हे अजून कुठे कुठे चालतं. कृपा करून खोलीत उजेड ठेवा. अंधारात चेहरा पांढरा पडलेला दिसत नाही. तिला तहान लागेल तेवढं पाणी द्या.

आणि काही तक्रारी "बाळंतीण आहे, होणारच" म्हणून सोडून देऊ नका. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल. डोकं असह्य दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, छातीखाली पोटात दुखत असेल. थंडी वाजून ताप येत असेल. धाप लागत असेल. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल. लघवी कमी झाली असेल. यातलं काहीही पहिल्या सहा आठवड्यांत झालं तर रात्र असो की सण, लगेच निघा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, गरोदर आणि बाळंत बायकांसाठी १०२ आहे. २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, औषधं, रक्त आणि ने-आण यांचे पैसे द्यावे लागत नाहीत. तेव्हा पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत थांबू नका.

आणि बाई स्वतः म्हणाली, "मला काहीतरी होतंय, मी वाचत नाही," तर तिला वेड्यात काढू नका. मोठ्या रक्तस्रावाच्या आधी कित्येक जणी नेमकं हेच सांगतात. तिच्या अंगातलं रक्त कमी होतंय हे यंत्राआधी तिला कळलेलं असतं.

त्या रात्रीनंतर आमच्याकडे एक नियम झाला. सिस्टरला बाई ठीक वाटत नसेल तर तिनं कुणालाही, कितीही वेळा फोन करायचा. आकडे बरोबर असले तरी. आणि ज्याला फोन आला त्यानं "नंतर बघू" म्हणायचं नाही, यायचं. खूपदा येऊन काहीच निघत नाही. मग आम्ही चहा पितो आणि परत जातो. त्या चहाचा कुणी हिशेब मागत नाही.

ती मुलगी आता शाळेत जाते. दोन-तीन वर्षांपूर्वी तिची आई तिला घेऊन भेटायला आली होती. माझ्याशी दोन शब्द बोलली आणि मग सिस्टरांना शोधत वॉर्डाकडे गेली. तिला बरोबर ठाऊक होतं कुणाला भेटायचं ते.

तेव्हा श्रोतेहो, यापुढे कुणाचं बाळ बघायला जाल तेव्हा आधी त्याच्या आईजवळ जा. तिचा हात हातात घ्या. ऊबदार आहे की गार, कोरडा आहे की घामेजलेला, एवढं तर कुणालाही कळतं. तिला विचारा, "तुला कसं वाटतंय?" तिचं उत्तर पूर्ण ऐका. आणि मग बाळाकडे वळा. ते काही कुठे पळून जात नाही.